वाचनालयातील जुन्या संगणकांसाठी लिनक्सचा कोणता डेस्कटॉप निवडावा?

प्रश्न : ग्रंथसेवक, इंदूर

सर्वांना सप्रेम नमस्कार.

इंदूरच्या लोकमान्य नगर भागात आमच्या मंडळाचे एक लहान मराठी वाचनालय आहे. त्याच्या मागच्या खोलीत काही संगणक आहेत. ते सभासदांनी आणि एका कार्यालयाने आपली यंत्रे बदलताना देणगीदाखल दिलेले आहेत. बहुतेकांत इंटेलचा चौथ्या पिढीचा आय३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क आहे. एकाच यंत्रात ८ जीबी रॅम आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी जी किमान पात्रता ठरवलेली आहे तीत ही यंत्रे बसत नाहीत. सुरक्षेच्या दुरुस्त्या न मिळणारा संगणक सार्वजनिक वापरासाठी उघडा ठेवणे मला पटत नाही, आणि चालू स्थितीतले यंत्र भंगारात घालणे तर मुळीच पटत नाही. त्यामुळे कार्यकारिणीने लिनक्स या विंडोजऐवजी चालणाऱ्या मुक्त प्रणालीवर जाण्याचा निर्णय घेतला असून डेबियन १३ किंवा लिनक्स मिंट २२ या तिच्या दोन प्रकारांपैकी एक घ्यावे, येथपर्यंत आम्ही आलो आहोत.

अडचण त्यापुढची आहे. डेबियनची स्थापना करताना ग्नोम, एक्सएफसीई, केडीई प्लाझ्मा, सिनॅमन, माते, एलएक्सडीई, एलएक्सक्यूटी अशी डेस्कटॉपची यादीच समोर येते आणि त्यातून निवड करावी लागते. या विषयावर जे लेख वाचले त्यांत पडद्यांची सुंदर चित्रे आणि रॅमचे आकडे यांपलीकडे फारसे काही हाती लागले नाही, आणि आमचा निर्णय त्या दोन गोष्टींवर होऊ शकेल असे मला वाटत नाही.

आमच्याकडे येणारे वाचक तीन प्रकारचे आहेत. सकाळी ज्येष्ठ सभासद येतात. महाराष्ट्रातील मराठी वृत्तपत्रे ते संगणकावर वाचतात आणि काही जण नातेवाइकांना ईमेल लिहितात. त्यांपैकी दोघांची दृष्टी बरीच अधू आहे. दुपारी मध्य प्रदेशातील सीपीसीटी परीक्षेसाठी हिंदी टंकलेखनाचा सराव करणारे विद्यार्थी असतात. संध्याकाळी आमच्या ग्रंथपाल ताई पुस्तकांच्या देवघेवीची नोंद लिब्रेऑफिसमध्ये करतात. देखभालीला मी आणि रविवारी येणारा एक स्वयंसेवक, एवढेच मनुष्यबळ आहे. या परिस्थितीत कोणता डेस्कटॉप घ्यावा आणि तो का घ्यावा, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.


उत्तर : निवृत्त अभियंता, इंदूर

ग्रंथसेवकांनी प्रश्न योग्य टोकाने धरला आहे, कारण त्यांनी यंत्रांइतकीच माणसांचीही माहिती दिली आहे. सार्वजनिक संगणकाच्या बाबतीत डेस्कटॉपची निवड मुख्यतः माणसांवरून करावी, असे माझे ठाम मत आहे.

प्रथम एक गोष्ट वेगळी करून ठेवतो. डेबियन किंवा मिंट हे वितरण, म्हणजे लिनक्सचा तयार संच, झाले. त्यावरून सुरक्षेच्या दुरुस्त्या किती वर्षे आणि कोणाकडून मिळतील हे ठरते. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि दीर्घकालीन आधार धरून त्याला साधारण पाच वर्षे मिळतात. मिंट २२ ला २०२९ पर्यंत आधार आहे. डेस्कटॉप हा त्यावर बसणारा थर आहे. खिडक्यांच्या चौकटी काढणारा व्यवस्थापक, खालची पट्टी, मेन्यू, फाइल व्यवस्थापक आणि सेटिंगची दालने यांचा तो संच असतो. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, छपाईची यंत्रणा या गोष्टी कोणत्याही डेस्कटॉपवर त्याच असतात. त्यामुळे एक डेस्कटॉप घेतला म्हणून एखादे काम करता येणार नाही, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही.

इतके डेस्कटॉप का निर्माण झाले हे ठाऊक असले तर निवड सोपी होते, म्हणून थोडा इतिहास सांगतो. मथायस एट्रिख यांनी ऑक्टोबर १९९६ मध्ये केडीईची घोषणा केली. ते ज्या क्यूट नावाच्या प्रोग्रॅमिंगच्या साधनसंचावर उभे होते त्याचा परवाना तेव्हा पूर्णपणे मुक्त नव्हता, आणि मुख्यतः त्या आक्षेपातून मिगेल दे इकाझा व फेडेरिको मेना यांनी १९९७ मध्ये ग्नोम सुरू केले. ऑलिव्हिए फूर्दाँ यांचे एक्सएफसीई केडीईप्रमाणेच १९९६ चे आहे. पुढे एप्रिल २०११ मध्ये ग्नोमची तिसरी आवृत्ती आली आणि तिने खालची पट्टी, मेन्यू, खिडकी लहान करण्याचे बटण हे सगळेच बाजूला सारले. ज्यांना जुनी रचना हवी होती त्यांनी ग्नोमच्या दुसऱ्या आवृत्तीचा धागा माते या नावाने पुढे चालवला, आणि मिंटच्या मंडळींनी ग्नोमच्या नव्या पायावर जुन्या पद्धतीची मांडणी रचून सिनॅमन तयार केले. म्हणजे या यादीतला मोठा भाग एकाच मतभेदातून जन्मलेला आहे : वापरणाऱ्याच्या हाताला बसलेले वळण जपायचे, की नवे वळण लावायचे. आपल्या वाचनालयाला नेमका याच प्रश्नाचा निर्णय करायचा आहे.

माझा कौल एक्सएफसीईला आहे. ते हलके आहे हे खरे, परंतु ते माझे पहिले कारण नाही. पहिले कारण असे, की ते फार सावकाश बदलते. त्याची ४.१२ आवृत्ती २०१५ मध्ये आली आणि ४.१४ ही २०१९ मध्ये, त्यानंतर ४.१६, ४.१८ आणि ४.२० या आवृत्त्या दोन-दोन वर्षांच्या अंतराने आल्या, आणि एवढ्या काळात मेन्यू, पट्टी आणि खिडक्यांची बटणे जागच्या जागी राहिली. स्वयंपाकघरातली मिसळणाची डबी कोणी हलवली तर हात जसा अडखळतो, तसेच ज्येष्ठ वाचकाचे संगणकावर होते : ब्राउझरचे चिन्ह जिथे कालपर्यंत होते तिथे ते आज नसले, तर त्यांना यंत्र बिघडले असे वाटते आणि ते पुन्हा त्या खुर्चीवर बसायला कचरतात. ग्नोमची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते. डेबियनवर ती मध्येच बदलत नाही हे मान्य, परंतु पुढच्या डेबियनवर जाताना बदल एकदम अंगावर येतो.

रॅमविषयी थोडक्यात. रिकाम्या पडद्यावर एक्सएफसीई आणि ग्नोम यांच्यात काहीशे मेगाबाइटचा फरक पडतो. वृत्तपत्रांची पाच-सहा पाने ब्राउझरमध्ये उघडली की त्याच्या कितीतरी पट स्मृती जाते, कारण त्या पानांवर बातमीपेक्षा जाहिरातींचा आणि चलचित्रांचा भार अधिक असतो. तरीही ४ जीबीच्या यंत्रावर हे काहीशे मेगाबाइट महत्त्वाचे ठरतात. स्मृती संपून यंत्र फिरत्या तबकडीवर लिहू लागले की ते गोठल्यासारखे होते. म्हणून डेस्कटॉप कोणताही निवडा, पण आधी प्रत्येक यंत्रात एक लहान एसएसडी (फिरती तबकडी नसलेली जलद डिस्क) बसवा. सिल्व्हर मॉलमध्ये ती सहज मिळते आणि बसवायला पेचकस पुरतो. त्याचबरोबर झेडरॅम सुरू करा; त्यामुळे स्मृतीतला न लागणारा मजकूर डिस्कवर जाण्याऐवजी स्मृतीतच दाबून ठेवला जातो. या दोन गोष्टींनी जो फरक पडेल तो डेस्कटॉप बदलून पडणाऱ्या फरकापेक्षा मोठा असेल.

सार्वजनिक यंत्राच्या दृष्टीने आणखी एक मुद्दा. एक्सएफसीईची सेटिंग साध्या मजकुराच्या फाइलींत असतात, आणि व्यवस्थेच्या सामायिक फाइलीत एखाद्या विभागाला कुलूप घातले की सामान्य खात्याला तो बदलता येत नाही. पट्टीला असे कुलूप घातले म्हणजे कोणाच्या चुकीच्या क्लिकने ती नाहीशी होत नाही. रविवारी येणाऱ्या स्वयंसेवकाचा अर्धा वेळ अशा दुरुस्त्यांत जाणार असेल, तर तो वाचवण्याला मी फार महत्त्व देतो.


उत्तर : प्रयोगशाळा सहायक, ग्वाल्हेर

काकांच्या उत्तरातील बहुतेक भाग मला मान्य आहे, परंतु निष्कर्ष मान्य नाही. ग्वाल्हेरला आमच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांसाठी ग्नोम चालवले जाते, आणि ते अवघड जाते हा समज मला अनुभवाने पटत नाही. ज्याने कोणताही संगणक पूर्वी हाताळलेला नाही त्याला ग्नोम शिकवणे उलट सोपे जाते, कारण पडद्यावर लक्ष विचलित करणारे काही नसते : एक कळ दाबावी, हव्या त्या प्रोग्रॅमचे नाव लिहावे आणि तो उघडावा. खाली सतत दिसणारी पट्टी हवी असेल तर ती विस्ताराने, म्हणजे वरून जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमने, आणता येते. उबंटूमध्ये तसा डॉक आधीच दिलेला असतो. अर्थात ग्नोमचे विस्तार नव्या आवृत्तीबरोबर बंद पडू शकतात हे खरे आहे, आणि म्हणून जितके कमी विस्तार तितके बरे.

माझे दोन आक्षेप मात्र याहून गंभीर आहेत.

पहिला सुरक्षेचा. एक्सएफसीई आजही मुख्यतः एक्स११ या पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या यंत्रणेवर चालते; ४.२० आवृत्तीतला वेलँड या नव्या यंत्रणेचा आधार प्रायोगिक स्वरूपाचा आहे. एक्स११ ची रचना १९८७ मधली आहे आणि तीत एका सत्रातला कोणताही प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमच्या खिडकीत दाबलेल्या कळा वाचू शकतो. क्रिस्तियन हॉग्सबर्ग यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या वेलँडमध्ये ही वाट बंद केलेली आहे. ज्या यंत्रावर अनोळखी माणसे बसून आपल्या ईमेलचा पासवर्ड लिहितात, त्या यंत्रासाठी हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. भविष्याचा विचार केला तरी दिशा तीच आहे : सप्टेंबर २०२५ च्या ग्नोम ४९ मध्ये एक्स११ चे सत्र मुळातच बंद ठेवलेले आहे.

दुसरा आक्षेप अधू दृष्टीच्या सभासदांविषयी आहे, आणि त्या दोघांचा उल्लेख प्रश्नात असूनही पहिल्या उत्तरात त्यांच्यासाठी काहीच नाही. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा ऑर्का हा ग्नोम प्रकल्पातलाच प्रोग्रॅम आहे. सुपर (विंडोजचे चिन्ह असलेली कळ), ऑल्ट आणि एस या कळा एकत्र दाबल्या की तो सुरू होतो. लॉगिनच्या पडद्यावरही सुलभतेचा मेन्यू असतो, त्यामुळे कोणाच्या मदतीशिवाय सभासद आपले सत्र उघडू शकतात. मोठी अक्षरे, पडदा विशाल करणे, गडद-उजळ विरोध वाढवणे हे सर्व एकाच ठिकाणी सापडते. ऑर्काला ईस्पीक एनजीचा मराठी आवाज जोडता येतो. तो यांत्रिक वाटतो, पण बातमी समजते. एक्सएफसीईवरही ऑर्का चालतो, परंतु पट्टीच्या आणि डेस्कटॉपच्या काही भागांबाबत तो मुका राहतो. हलके आणि सुलभ असे दोन्ही हवे असेल तर माते हा अधिक चांगला पर्याय ठरतो, आणि त्याची मांडणीही काकांना हवी तशी जुन्या वळणाची आहे.

प्लाझ्माविषयीही एक वाक्य लिहायला हवे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेली त्याची सहावी आवृत्ती पूर्वीच्या मानाने बरीच हलकी आणि स्थिर आहे, आणि जाणकार माणसाच्या स्वतःच्या संगणकासाठी मी तीच सुचवेन. परंतु तिच्यात बदलता येण्याजोग्या गोष्टी इतक्या आहेत की सार्वजनिक खोलीत त्या सगळ्यांना आवर घालणे हेच एक काम होऊन बसेल.


उत्तर : टंकलेखन शिक्षिका, इंदूर

दोघांनीही ज्या विषयाला हात लावलेला नाही, तो माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा आहे : देवनागरी कशी लिहिली जाणार? वाचनालय मराठी आहे, विद्यार्थी हिंदी टंकलेखनाचे आहेत, आणि डेस्कटॉप बदलला की बाकी सगळे तेच राहिले तरी कळफलक जोडण्याची पद्धत बदलते. मी अनेक वर्षे इंदूरमध्ये टंकलेखन शिकवत आहे आणि लिनक्सवर आलेले विद्यार्थी पहिल्या दिवशी अडतात ते याच जागी.

लिनक्सवर देवनागरी लिहिण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला थेट कळफलकाच्या मांडणीचा. तो प्रत्येक डेस्कटॉपमध्ये असतो आणि त्यात सुधारित इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिपींचा प्रमाण कळफलक, मिळतो. त्याला वेगळा प्रोग्रॅम लागत नाही, तो जलद असतो आणि बिघडत नाही. मात्र या मार्गात एका कळीतून एकच चिन्ह निघते. इनस्क्रिप्टच्या मूळ आराखड्यात वरच्या ओळीत शिफ्टसह क्ष, ज्ञ, त्र, श्र यांसारखी जोडाक्षरे आहेत. त्यांत एकाहून अधिक चिन्हे असल्यामुळे ती येथे मिळत नाहीत आणि हलंत वापरून लिहावी लागतात. मराठीपुरते पाहिले तर ही अडचण किरकोळ आहे. शिफ्टसह इंग्रजी ‘जे’ ही कळ दाबून येणारा ऱ, त्यापुढे हलंत आणि मग य किंवा ह असे लिहिले की सुऱ्या, तऱ्हा, कुऱ्हाड हे शब्द नीट उमटतात, आणि हे मी मुलांना आवर्जून शिकवते, कारण ऐन वेळी बहुतेकांचा हात तेथे थांबतो.

दुसरा मार्ग आयबस किंवा एफसीआयटीएक्स यांसारख्या लेखन-यंत्रणेचा. त्यांना एम१७एन हा लेखन-पद्धतींचा संग्रह जोडला की इनस्क्रिप्ट, उच्चारानुसारी आणि रेमिंग्टन अशा अनेक पद्धती मिळतात. सीपीसीटीच्या विद्यार्थ्यांना हाच मार्ग घ्यावा लागेल. त्या परीक्षेत हिंदीसाठी रेमिंग्टन गेल किंवा इनस्क्रिप्ट यांपैकी एक निवडायचा असतो आणि आपल्याकडची बरीच मुले टंकयंत्राच्या परंपरेने रेमिंग्टनच शिकतात. रेमिंग्टनमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दाबली जाते आणि अर्धी अक्षरे स्वतंत्र कळींवर असतात. दाबलेल्या क्रमापेक्षा वेगळ्या क्रमाने चिन्हे लावण्याचे हे काम साध्या मांडणीकडून होत नाही. येथे एक खबरदारी आवश्यक आहे. रेमिंग्टनच्या निरनिराळ्या आराखड्यांत काही कळी वेगळ्या असतात. म्हणून संग्रहातील आराखडा परीक्षेच्या कळफलक-चित्राशी कळ न् कळ ताडून पाहिल्याशिवाय मुलांना त्यावर सरावाला बसवू नका. चुकीचे वळण एकदा बोटांना लागले की ते सुटायला फार काळ जातो.

आता डेस्कटॉपशी याचा संबंध. ग्नोममध्ये आयबस आतच गुंफलेला आहे : सेटिंगमध्ये कळफलकाच्या दालनात मराठी जोडली की सुपर आणि स्पेस दाबून भाषा बदलते, आणखी काही करावे लागत नाही. या एका बाबतीत ग्वाल्हेरकरांचे म्हणणे मला पूर्ण पटते. प्लाझ्माच्या वेलँड सत्रात हीच निवड आभासी कळफलकाच्या दालनात दडलेली असते आणि ती नव्या माणसाला सापडत नाही. एक्सएफसीईमध्ये आयबस वेगळा बसवून लॉगिनच्या वेळी सुरू होईल अशी व्यवस्था करावी लागते. डेबियनमध्ये त्यासाठी आयएम-कॉन्फिग नावाचे साधन आहे आणि मिंटमध्ये लेखन-पद्धतीचे स्वतंत्र दालन आहे. काम एकदाच करायचे आहे, परंतु ते राहून गेले तर एका प्रोग्रॅममध्ये मराठी उमटते आणि दुसऱ्यात उमटत नाही, असा गोंधळ होतो.

अक्षरवळणाकडेही लक्ष द्यावे, ही विनंती. नोटो आणि लोहित या दोन्ही देवनागरी टंकांची (फॉन्टची) पुडकी बसवावीत आणि यंत्राची भाषा मराठी ठेवावी. ल आणि श यांची मराठी वळणे हिंदीपेक्षा वेगळी आहेत, आणि मजकूर मराठी आहे हे प्रोग्रॅमला कळले तरच टंकातली मराठी वळणे वापरली जातात. साठ वर्षे मराठी वाचलेल्या डोळ्यांना हा फरक जाणवतो. लिब्रेऑफिसमध्ये भाषांच्या सेटिंगमध्ये जटिल लिपीचा पर्याय चालू करून तेथेही मराठी निवडावी, म्हणजे ग्रंथपाल ताईंच्या नोंदवहीत पुस्तकांची नावे नीट दिसतील.


ग्रंथसेवक, इंदूर

आपण तिघांनी जो वेळ दिला त्याबद्दल वाचनालयाच्या वतीने मनःपूर्वक आभार. ताईंनी कळफलकाविषयी जे लिहिले त्याचा विचार आमच्या कोणाच्याही मनात आला नव्हता.

दोन शंका आहेत. आम्ही वाचकांसाठी पाहुण्यांचे खाते ठेवणार आहोत आणि उठताना त्यातील सर्व मजकूर पुसला जावा, असा विचार आहे. मग प्रत्येक वाचकासाठी मराठी कळफलक पुन्हा जोडावा लागेल का? आणि दुसरे असे, की निरनिराळ्या वाचकांसाठी निरनिराळे डेस्कटॉप एकाच यंत्रावर बसवता येतील का, म्हणजे अधू दृष्टीच्या सभासदांसाठी ग्नोम आणि इतरांसाठी एक्सएफसीई?


उत्तर : निवृत्त अभियंता, इंदूर

ग्वाल्हेरकरांचा सुलभतेचा आक्षेप योग्य आहे आणि माझे मत मी त्यानुसार बदलतो. ८ जीबीचे जे यंत्र आहे ते खिडकीजवळ, जेथे पडद्यावर उजेडाची तिरीप येणार नाही अशा जागी ठेवावे आणि त्यावर केवळ ग्नोम बसवावे. ते अधू दृष्टीच्या सभासदांसाठी राखून ठेवा; इतर वेळी कोणीही वापरावे. बाकीच्या सर्व यंत्रांवर एक्सएफसीई.

एकाच यंत्रावर दोन डेस्कटॉप बसतात आणि लॉगिनच्या पडद्यावर त्यांतला हवा तो निवडता येतो, परंतु सार्वजनिक यंत्रावर मी तसे करणार नाही. दोन्हींचे प्रोग्रॅम दोन्हींच्या मेन्यूत दिसू लागतात, दोन फाइल व्यवस्थापक, दोन मजकूर-संपादक, दोन सेटिंग असा पसारा होतो, आणि वाचकाने चुकून दुसरे सत्र निवडले की तो वेगळ्याच पडद्यावर येऊन उभा राहतो. शिवाय ग्नोमबरोबर फाइलींची सूची तयार करणारी सेवा येते. प्लाझ्मातही तशी असते. फिरत्या तबकडीच्या यंत्रावर ती सुरू झाली की काही काळ सगळेच मंदावते.

पहिल्या शंकेचे उत्तर असे. पाहुण्यांचे खाते पुसले गेले की त्यातील कळफलकाची निवडही पुसली जाते, आणि ताई म्हणतात तो गोंधळ रोज सकाळी नव्याने होतो. यावर उपाय आहे. आयबस आपली निवड डीकॉन्फ नावाच्या कोठारात ठेवतो, आणि त्या कोठाराला संपूर्ण यंत्रासाठी मूळ मूल्ये देता येतात. तेथे मराठी इनस्क्रिप्ट, हिंदी रेमिंग्टन आणि इंग्रजी अशा तीन पद्धती एकदा नोंदवल्या की प्रत्येक नवे खाते त्या घेऊनच उघडते. ही सोय एक्सएफसीईवरही चालते, कारण ती डेस्कटॉपची नसून आयबसची आहे. ग्नोमच्या यंत्रावर मात्र कळफलकांची यादी ग्नोमच्या स्वतःच्या नोंदीत असते, त्यामुळे तेथे त्या नोंदीला मूळ मूल्य द्यावे लागेल. पट्टी, मोठी अक्षरे, ब्राउझरचे मुखपृष्ठ या गोष्टी नव्या खात्यांच्या साच्याच्या निर्देशिकेत ठेवाव्यात. मिंट घेतले तर लॉगिन खिडकीच्या सेटिंगमध्ये पाहुण्यांचे सत्र केवळ चालू करायचे असते. डेबियनवर तीच व्यवस्था स्वयंसेवकाला हाताने रचावी लागेल. तुमचे मनुष्यबळ पाहता एक्सएफसीईच्या यंत्रांसाठी मी मिंटचीच शिफारस करतो.

एक्स११ च्या उणिवेबद्दल : ती खरी आहे. पाहुण्याच्या सत्रात तो प्रोग्रॅम बसवू शकत नाही आणि उठताना सगळे पुसले जाते, त्यामुळे एका वाचकाने मागे ठेवलेला हेर दुसऱ्याच्या सत्रापर्यंत पोहोचत नाही. एवढ्याने धोका पुष्कळ कमी होतो. तरीही ज्यांना बँकेचे व्यवहार करायचे असतील त्यांना ग्नोमचे यंत्र द्यावे, आणि तशी सूचना खोलीत लावावी.


उत्तर : प्रयोगशाळा सहायक, ग्वाल्हेर

ही वाटणी मला मान्य आहे. फक्त ग्नोमच्या यंत्रावर डेबियन १३ घेतले तर त्यात ग्नोम ४८ येते आणि पुढच्या डेबियनपर्यंत तेच राहते. म्हणजे ज्येष्ठ सभासदांपुढचा पडदा दर सहा महिन्यांनी बदलण्याची काकांना वाटणारी चिंता येथे उरत नाही. ऑर्का आणि मराठी आवाज एकदा सभासदांना शेजारी बसवून लावा. वाचनाचा वेग किती असावा हे त्यांनाच ठरवू द्या; आपल्याला जो संथ वाटतो तो त्यांना अनेकदा योग्य वाटतो.


उत्तर : टंकलेखन शिक्षिका, इंदूर

स्थापनेपूर्वी एक करा. पेन ड्राइव्हवरून मिंट आणि डेबियन दोन्ही डिस्कला हात न लावता चालवून पाहता येतात. एका सकाळी एका यंत्रावर मिंटचे एक्सएफसीई आणि दुसऱ्यावर डेबियनचे ग्नोम असे उघडून ठेवा, आणि सभासदांना कोणतीही सूचना न देता वृत्तपत्र उघडायला सांगा. कोण कोठे थांबते ते लिहून ठेवा. ग्रंथपाल ताईंना त्याच वेळी नोंदवहीत दहा-बारा पुस्तके लिहायला सांगा आणि त्यांच्याकडील प्रिंटरवर एक पान छापून पाहा. रेमिंग्टनचा आराखडा ताडून पाहण्याचे काम माझ्याकडे सोपवा. परीक्षेच्या कळफलकाचे चित्र माझ्याकडे आहे आणि रविवारी सकाळी मी लोकमान्य नगरला येऊ शकते.


ग्रंथसेवक, इंदूर

ताई, रविवारी अवश्य यावे. खोली सकाळी नऊ वाजता उघडते. एसएसडी आणण्याचे काम स्वयंसेवकाकडे दिले आहे. जुन्या डिस्कवर ग्रंथपाल ताईंच्या देवघेवीच्या फाइली आहेत, त्या आधी वेगळ्या डिस्कवर उतरवून, उघडून तपासल्यानंतरच पहिल्या यंत्राला हात लावू.